एसडब्ल्यूआर १.३, मला सगळे ऐकू येतात, मला मात्र कुणीच ऐकत नाही!

तारांबळ

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओची (हॅम) परीक्षा झाली, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) आलं, सेटही आला (हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या डिझाइनचा यूबिटएक्स, ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, जेमतेम १० वॉट). अँटेना मात्र स्वतःच करायचा हे आधीपासून ठरलं होतं. तार, दोरी आणि बांबू एवढ्यात जे होतं त्याला हजारो रुपये का घालवा?

पुण्याच्या तापकीर गल्लीतून घरगुती वायरिंगच्या दीड एमएम तारेचं ९० मीटरचं बंडल आणलं. सूत्र साधं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे १४३ भागिले ७.१, २०.१४ मीटर. त्याचे दोन भाग, प्रत्येकी १०.०७ (यालाच डायपोल म्हणतात). मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा, टोकांना इन्सुलेटर म्हणून तेच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बांबू बांधून मधला भाग वर नेला आणि दोन्ही टोकं उतरती करून कठड्याला नायलॉनच्या दोरीने ताणली. उलटा व्ही. तिथून खोलीपर्यंत २५ मीटर आरजी-५८ केबल (मध्ये तार, भोवती जाळीचं कवच). ती ओळखीच्या एकांकडे पडून होती, फुकट मिळाली.

एसडब्ल्यूआर मीटर लावला तर पहिल्याच फटक्यात १.३! ७.० ते ७.२ कुठेही बघा, १.३ नाहीतर १.४. इंचभरही कापावं लागलं नाही. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आता रडगाणं. सकाळी बेळगाव, इंदूर, हैदराबाद सगळे खणखणीत ऐकू येतात. मी कॉल दिला की शांतता. तीन आठवड्यांत एकदाच एक सद्गृहस्थ म्हणाले, "कुणीतरी आवाजाच्या तळाशी आहे, पुन्हा या." मी पुन्हा गेलो तोवर ते दुसऱ्याशी बोलायला लागले होते. काय चुकतंय? मीटर तर म्हणतो सगळं ठीक आहे.

पेठेतला

एसडब्ल्यूआर म्हणजे पत्रिका. ३६ गुण जुळले म्हणून संसार होतोच असं नाही.

नुसतीच वाचक

हा एसडब्ल्यूआर काय असतो ते कुणी माणसाच्या भाषेत सांगेल का? आणि मोबाइल असताना हा सगळा खटाटोप कशासाठी? (खोचकपणे विचारत नाहीये, खरंच कळत नाही.)

फणसगरा

तारांबळ, तुमचं बरं आहे, तुम्हाला आयती गच्ची मिळाली. आमच्याकडे रत्नागिरीला आंबा, फणस, माड सगळं आहे, पण तार वर न्यायची कशी? पहिल्यांदा गड्याला चढवला. अर्ध्यावर हुमले (तांबडे मुंगळे) चावले, तो तारेसकट खाली आला आणि वर त्याने जे शब्द वापरले ते ४० मीटरवर बोललो तर लायसन्स जाईल.

मग आजोबांची गोफण काढली. दगडाला बारीक नायलॉनची दोरी बांधायची, फांदीवरून पलीकडे टाकायची, तिला जाड दोरी बांधून ओढायची आणि शेवटी तार. ऐकायला सोपं वाटतं. पहिला दगड शेजाऱ्यांच्या कौलांवर. दुसरा पण. तिसऱ्या वेळी दगड बरोबर गेला, दोरी मात्र माझ्याच पायाखाली राहिली. पाच कौलं भरून दिली. चौथ्या दिवशी साधलं, आणि आता माझी तार ज्या उंचीवर आहे तिथे गच्चीवाल्यांची जाणार नाही.

एकच सांगतो, हे करताना आजूबाजूला विजेच्या तारा असतील तर अजिबात करू नका. तार तुटून किंवा उडून नक्की तिकडेच जाते.

जुनाट ट्रान्झिस्टर

@नुसतीच वाचक, मोबाइल टॉवर उभे असतात तोवर मोबाइल. २००४च्या डिसेंबरात हौशी रेडिओवाल्यांचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला कार्यक्रमासाठी गेलेला होता. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा. भारती प्रसाद त्याच्या प्रमुख. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि मजा म्हणून टांगलेल्या त्याच अँटेनांवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर जायला लागले.

बाकी आमच्या लहानपणी घरात जाळीच्या पट्टीची एरियल असायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचं. वडील एरियलचं टोक धरून खिडकीशी उभे राहिले की सिलोन स्वच्छ यायचं आणि सोडलं की जायचं. त्यामुळे त्यांनी बरीच गाणी उभ्यानेच ऐकली.

ओह्म शांती

@नुसतीच वाचक, सेटमधून अँटेनाकडे जेवढी शक्ती पाठवली त्यातली किती उलट परत आली, त्यावरून काढलेला आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे काहीच परत आलं नाही. ३ म्हणजे पाव हिस्सा परत आला.

पण परत आलं नाही याचा अर्थ हवेत गेलं असा होत नाही, आणि नवीन मंडळी नेमकी इथेच फसतात. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा एक जाडजूड रेझिस्टर. तो लावा, एसडब्ल्यूआर १.० येईल. बोंबलत बसा, गल्लीच्या टोकालाही ऐकू जाणार नाही. सगळी शक्ती उष्णता होऊन गेली.

@तारांबळ, मला तुमच्या वर्णनात दोन गोष्टी खटकल्या. एक, १४३चं सूत्र उघड्या तारेचं आहे. पीव्हीसीचं आवरण असलेली तार त्याहून तीन-चार टक्के आखूड लागते. म्हणजे तुमची तार लांब आहे, ती ७.१च्या बरीच खाली जुळायला हवी. दोन, ७.० ते ७.२ सपाट १.३? तारेचा डायपोल असा वागत नाही. जिथे जुळतो तिथे खाली जातो, दोन्ही बाजूंना वर चढतो. सपाट एसडब्ल्यूआर ही वाईट बातमी असते. ५ किंवा ९ मेगाहर्ट्झला किती दिसतो? तिथेही दोनच्या आत असेल तर मला केबलवर संशय आहे.

एकतारी

डायपोल हवाच कशाला? मधोमध केबल लोंबकळवायची, बांबू वाकतो, वाऱ्यात सगळं झुलतं. २० मीटरची एकच तार घ्या, एका टोकाला ४९:१चा ट्रान्सफॉर्मर. एफटी२४०-४३चं फेराइटचं कडं, एका बाजूला २ वेढे, दुसऱ्या बाजूला १४, प्राथमिक बाजूला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. खिडकीतून तार बाहेर काढा, समोरच्या झाडाला बांधा. ४०, २०, १५, १० चारही बँड एका तारेत.

ओह्म शांती

कडं तापतं त्याचं काय? आणि दुसऱ्या टोकाला जाणारा करंट कुठून आणता? तो केबलच्या कवचावरून येतो. मग माइकला ओठ लागला की चटका बसतो आणि शेजारच्यांच्या होम थिएटरमधून तुमचं कॉलसाइन ऐकू येतं.

एकतारी

कवचावरचा करंट अडवणारा चोक लावा, कवचाचं कवचात राहील. तुमच्या डायपोलला तरी बालन (केबल आणि दोन तारांचा मेळ घालणारा जोड) नको का? आणि १० वॉटला कडं कोमटही होत नाही. मी या एका तारेवर एफटी८ने (संगणकाने क्षीण सिग्नलही वाचायची पद्धत) जपान केलंय.

ओह्म शांती

एफटी८ने कपडे वाळत घालायच्या तारेवरही जपान लागतं.

वैदर्भी

@ओह्म शांती, हे अगदी खरं, उलट्या बाजूने सांगते. नागपुरात माझा डायपोल गच्चीवर खांद्याइतक्या उंचीवर होता, तात्पुरता. एका रविवारी सकाळी एसडब्ल्यूआर नाचायला लागला. १.५, मग ३, मग २. जोड तपासले, कनेक्टर तपासला, शेवटी वर गेले. तारेवर चार चादरी, एक सतरंजी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू पाचवी चादर झटकत.

म्हटलं, "काकू, या तारेतून करंट जातो हो."

म्हणाल्या, "मग बरंय की, वाळतील लवकर."

हसू नका. टोकांना व्होल्टेज भरपूर असतं, १०० वॉट असते तर त्यांना चांगलाच चटका बसला असता. दुसऱ्याच दिवशी तार हात पोचणार नाही इतकी वर नेली. उन्हाळ्यात काकूंच्या कुरडयांची खाट तिच्याच खाली असते, त्याला हरकत नाही.

पेठेतला

कुरडया कुठल्या बँडवर?

वैदर्भी

२० मीटर. सकाळी उघडतो, संध्याकाळी आत घ्यायच्या.

तारांबळ

चर्चा वाचून मजा येतेय. ओह्म शांती, ५ आणि ९ला बघितलं नव्हतं. आज बघतो, रेडिओ क्लबमधल्या एकांकडे नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं उपकरण) आहे.

दुसरी अडचण: सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात तारेमुळे इमारतीवर वीज पडेल, पावसाळ्याआधी काढा. काय सांगू?

एडिसनकर

सेक्रेटरी परवडले. आमच्याकडे न्यू जर्सीत घरांच्या असोसिएशनच्या करारात "बाहेर दिसणारा अँटेना नको" असं लिहिलेलं आहे. मी २६ गेजची एनॅमलची तांब्याची तार वापरतो, खिडकीपासून मेपलपर्यंत. दहा फुटांवरून दिसत नाही. माझी मलाच दिसत नाही, दोनदा गवत कापताना खाली आलेलं टोक मशीनमध्ये गेलं. हिवाळ्यात बर्फ धरला की तुटते, उरलेल्या वेळी खारी कुरतडतात. वर्षाला तीन अँटेना धरून चाला. खर्च काहीच नाही, त्यामुळे प्रयोग भरपूर होतात: उलटा एल, छपराच्या पन्हळीवरून फिरवलेला लूप, पोटमाळ्यातला डायपोल. पोटमाळ्यातला सगळ्यात वाईट, घरातले सगळे चार्जर त्यात ओरडतात.

ओह्म शांती

सेक्रेटरींना असं सांगा: तारेमुळे वीज ओढवत नाही, पण जवळपास पडली तर तारेत व्होल्टेज येतं हे खरं आहे. म्हणून ढग दिसले की केबल सेटपासून काढून खोलीच्या बाहेर टाकायची, नुसती सेटमागे लोंबकळत ठेवायची नाही. गच्चीवर कवचाला अर्थिंग द्या. एवढं त्यांना लिहून द्या, माणसं लिहून दिलं की शांत होतात. आणि तसंही मे-जूनमध्ये ४० मीटरवर वळवाच्या कडकडाटाशिवाय फारसं काही ऐकू येत नाही.

पतंग्या

तारेच्या अँटेनाचा विषय आहे आणि पतंग कुणीच काढला नाही? १२ डिसेंबर १९०१ला मार्कोनीने न्यूफाउंडलंडला सिग्नल हिलवर अटलांटिकपलीकडचे तीन टिंब ऐकले ते पतंगाने वर नेलेल्या तारेवर. सुमारे १५० मीटर तार. वारा इतका होता की आधी फुगा उडून गेला, पहिला पतंगही गेला.

मी संक्रांतीला करून बघितलं, मोकळ्या माळावर, २० मीटर बारीक तार. आवाज जबरदस्त, पण पतंग हलला की जुळणी बदलते, आणि कोरड्या हवेत तारेला हात लावला की झिणझिण्या येतात. वीस मिनिटांत गुंडाळलं. गावात चुकूनही करू नका.

देशी

मार्कोनीच्या आधी १८९५ला कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवली होती. त्यांचं नाव घ्यायला जीभ का जड होते?

पतंग्या

कुणी नाकारलंय? पण बोसांच्या लहरी मिलिमीटरच्या होत्या, त्याला पतंग लागत नाही.

देशी

मुद्दा पतंगाचा नाहीये.

पेठेतला

धागा मार्कोनीने पळवला. बोस-मार्कोनी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद राखून ठेवतो.

जुनाट ट्रान्झिस्टर

जो टेलर यांचं नाव घ्यायचं राहिलं. १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल, दुहेरी पल्सारसाठी. त्याच माणसाने नंतर डब्ल्यूएसपीआर आणि, एका सहकाऱ्यासोबत, एफटी८ केलं. आमच्यासारख्या तार टांगणाऱ्यांना त्यातलं डब्ल्यूएसपीआर खरं उपयोगी. २०० मिलिवॉटवर रात्रभर सेट सोडून द्यायचा, सकाळी नकाशावर बघायचं कोणत्या देशातल्या कुणी किती डीबीने (डेसिबलने) ऐकलं. आज एक अँटेना, उद्या दुसरा. मीटर काय म्हणतो त्यापेक्षा समोरचा काय ऐकतो ते कळतं. फक्त एकाच रात्रीवर निकाल काढू नका. आयनावरणाची लहर रोज वेगळी असते.

खुंटी

उंची कमी पडत असेल असं वाटतं. ४० मीटरला अर्धी तरंगलांबी म्हणजे २० मीटर वर हवा.

ओह्म शांती

लांबच्या देशांसाठी हो. पुण्याहून बेळगाव-इंदूरसाठी उलट १० मीटर किंवा खाली असलेला बरा. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि पाच-सहाशे किलोमीटरच्या टापूत पावसासारखी खाली येते. तारांबळ चौथ्या मजल्याच्या गच्चीवर आहेत. उंची हा त्यांचा आजार नाही.

@तारांबळ, व्हीएनए मिळाला की आधी एक करा. केबलचं गच्चीवरचं टोक अँटेनापासून सोडवा, उघडं ठेवा, खोलीतून एसडब्ल्यूआर मोजा. उघड्या टोकावरून सगळं परत यायला हवं. चांगल्या २५ मीटर आरजी-५८ला ७ मेगाहर्ट्झला एखादा डीबी जातो, म्हणजे मीटरवर आठ-नऊच्या आसपास दिसेल. दोन-तीन दिसला तर केबल शक्ती पितेय. हे सेट लावून करू नका, यूबिटएक्समधले आयआरएफ ५१० (शेवटच्या टप्प्याचे ट्रान्झिस्टर) उडतील.

फणसगरा

उडाले तरी स्वस्त आहेत. माझे तीनदा उडालेत.

तारांबळ

अकरा दिवसांनी आलो, सॉरी. आधी निकाल सांगतो, मग शिव्या घाला.

५ मेगाहर्ट्झला १.६, ९ला १.६. तिथेच पोटात गोळा आला. मग केबलचं टोक उघडं ठेवून मोजलं. नऊ दिसायला हवं तिथे १.७.

ओह्म शांतींना फोनवर आकडा सांगितला. ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "जाताना सहा डीबी, येताना सहा डीबी." म्हणजे माझ्या १० वॉटमधले अडीच तारेपर्यंत जात होते, साडेसात केबलमध्ये. आणि परत येणारं पण वाटेतच मरत होतं, म्हणून मीटर खूश. मला सगळे ऐकू यायचे कारण केबल लोकांचा आवाज खाली आणायची तसा बँडवरचा गोंगाटही तेवढाच खाली आणायची, फरक कळायचाच नाही.

गच्चीवरच्या कनेक्टरपाशी केबल कापली. बाहेरून काळी कुळकुळीत, नव्यासारखी. आतली तांब्याची जाळी मात्र गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी, काळपट, चिमटीत घेतली तर भुगा. अजून फूटभर कापलं, तेच. दोन मीटरवर कापलं तेव्हा उभ्या धरलेल्या टोकातून पाण्याचा एक थेंब माझ्या चपलेवर पडला. मे महिन्यात. म्हणजे गेल्या पावसाळ्याचं पाणी जाळीतून वातीसारखं आत आत गेलेलं, कुणाच्या तरी गच्चीवर. कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप होती, तिचा गोंद वितळून नुसता चिकटा राहिला होता.

नवी केबल आणली. उघडं टोक: ९. आनंदाने अँटेना जोडला, मीटर बघितला, २.३!! बायको म्हणाली, "पैसे खर्चून बिघडवलंस." खरं सांगतो, पाच मिनिटं मलाही तसंच वाटलं.

मग व्हीएनएचा आलेख नीट बघितला. आता त्याला छान दरी होती, फक्त ती ६.८५ला होती. तार लांब, ओह्म शांती म्हणाले होते तशी. कापली नाही, दोन्ही टोकं ३५-३५ सेंटिमीटर मागे दुमडून तारेलाच बांधली. ७.१ला १.४, आणि ७.० व ७.२ला चढतो. सपाट नाही, बघून बरं वाटलं. कनेक्टरवर यावेळी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, वरून एम-सील, आणि केबल खाली वळवून मग वर घेतली, म्हणजे पाणी वळणावरून ठिबकेल.

काल सकाळी पावणेसातला कॉल दिला. हुबळीहून उत्तर आलं, पाच-सात, म्हणजे बोलणं स्पष्ट आणि सिग्नल बऱ्यापैकी. मग इंदूर. इंदूरचे गृहस्थ म्हणाले, आवाज ओळखीचा वाटतो, गेल्या महिन्यात तळाशी कुणीतरी होतं ते तुम्हीच का?

वैदर्भी

वा! पेढे आता वाटा.

एकतारी

अभिनंदन. टोकाकडून भरलेल्या तारेला पण हीच केबल लागली असती, त्यामुळे यावेळी गप्प बसतो.

ओह्म शांती

फुकट मिळालेली केबल सगळ्यात महाग. त्या जुन्या केबलचा गच्चीपासून लांबचा, खोलीतला भाग तपासून बघा, पाणी तिथपर्यंत गेलं नसेल तर दोन-तीन मीटरचे जोड निघतील. आणि तार कापली नाहीत ते फार बरं केलंत. मी पहिल्या डायपोलची तीनदा कापली आणि शेवटी तो ७.४ला जुळला, जिथे आपल्याला बोलायची परवानगीच नाही.

नुसतीच वाचक

काहीही येत नसताना शेवटपर्यंत वाचलं. त्या थेंबाला तर मी दचकले. १२ वर्षांच्या मुलीला ही परीक्षा देता येते का?

जुनाट ट्रान्झिस्टर

बाराव्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. तिला तोवर एक साधा शॉर्टवेव्हचा रेडिओ आणि दहा मीटर तार द्या, ऐकायला लागू दे.

तारांबळ

सेक्रेटरींना लिहून दिलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, त्या बांबूला दिवाळीत आकाशकंदील लावता येईल का. एलईडीचा नसेल तर चालेल म्हटलं, एलईडी रेडिओत किरकिरतात.

आता २० मीटर बँडसाठी दुसरी तार त्याच मध्यबिंदूवरून काढायची आहे, एक टोक शेजारच्या प्लॉटवरच्या गुलमोहरावर न्यायचं. फणसगरा, ती गोफण कुठे मिळते हो?

फणसगरा

विकत नाही मिळत, विणावी लागते. या इकडे, शिकवतो. येताना पाच कौलं घेऊन या.